दर जुलैला त्याच कोपऱ्यात ओल येते? वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावण्याआधी पन्हळ बघा

ऐरोलीतल्या आमच्या रो हाउसच्या मागच्या बेडरूममध्ये, खिडकीच्या वर उजव्या कोपऱ्यात, सलग तीन पावसाळे ओल आली. जूनमध्ये काही नसायचं. जुलैचा दुसरा आठवडा लागला की आधी पिवळट डाग, मग रंगाला फुगे, मग बोट लावलं की पुट्टी भुसभुशीत होऊन गादीवर. ऑगस्टपर्यंत तिथे पांढरा खार फुटलेला असायचा. पहिल्या वर्षी बाहेरून भिंतीला कोटिंग मारलं. दुसऱ्या वर्षी गच्चीच्या कठड्याचा वाटा, म्हणजे कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथला सिमेंटचा गोलवा, फोडून नवा केला. तिसऱ्या वर्षी खिडकीचा छज्जा. तिघांनीही "आता बघायलाच नको" असं सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा पुढच्या जुलैत ओल हजर.

चौथ्या वर्षी कारण सापडलं, ते गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडला मागच्या बाजूने लावलेल्या पन्हळीत. भिंत, वाटा, छज्जा, सगळं आधीही ठीकच होतं. आम्ही तीन वर्षं निरोगी जागेवर औषध लावत होतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत गच्चीवर शेड टाकलेली घरं आता गल्लोगल्ली आहेत आणि हीच तक्रार मी खूप जणांकडून ऐकते, म्हणून आम्ही ते कारण कसं शोधलं आणि काय दुरुस्त केलं ते सविस्तर लिहिते आहे.

एक शब्द आधी स्पष्ट करते. छपराच्या कडेला पाणी गोळा करणारी जी चर असते ती पन्हळ. फॅब्रिकेटर तिला गटर म्हणतात, म्हणून त्यांच्याशी बोलताना "पत्र्याचं गटर" म्हणा, नाहीतर ते रस्त्याकडचं गटर समजतात. तिच्यातून खाली येतो तो पावसाचा पाइप.

ओल कधी येते ते लिहून ठेवा

आमच्याकडे हे काम सासूबाईंनी केलं. त्या दुपारी त्याच खोलीत पडतात. दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर त्यांनी पावसाची नोंद करायला सुरुवात केली: पाऊस कसा होता, टपटप कधी ऐकू आली. मी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालत गेले. तीन आठवड्यांत जे कळलं ते तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण दुरुस्तीला येणारा माणूस नेहमी पाऊस उघडल्यावरच येतो.

ओल फक्त धो-धो पावसातच वाढत असेल, रिपरिपीत नाही, तर पाणी पन्हळीत मावत नाहीये. पन्हळ तुंबलेली आहे, तिचा ढाळ गेला आहे, किंवा पाइप लहान आहे.

उलटं असेल, म्हणजे रिपरिपीत गळतं आणि जोराच्या सरीत थांबतं, तर पत्र्याची कड पन्हळीत पुरेशी आत आलेली नाही. पातेल्यातून चहा हळू ओतला की तो कपात न पडता पातेल्याच्या बाहेरून ओघळतो, तसंच हे होतं. पाण्याला जोर नसला की ते पत्र्याची कड सोडत नाही, कडेखालून मागे वळतं आणि पन्हळीच्या पाठीमागे भिंतीवर उतरतं. जोराच्या सरीत तेच पाणी पुढे फेकलं जातं आणि बरोबर पन्हळीत पडतं. पत्रा पन्हळीत साधारण दोन इंच आत यायला हवा. मात्र तो अर्ध्या रुंदीच्या पुढे गेला की मोठ्या पावसात पाणी पन्हळ ओलांडून जातं. कड कमी पडत असेल तर सगळं छप्पर उचलायची गरज नाही. पत्र्याखाली सरकवून पन्हळीत उतरणारी वाकवलेली पट्टी फॅब्रिकेटर करून देतो.

पाऊस थांबल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने टपटप सुरू होत असेल तर कुठेतरी पाणी साचून राहिलं आहे आणि सांध्यातून हळूहळू झिरपतं आहे. वाऱ्यासकट पाऊस आला तरच ओल आणि तीही पश्चिमेच्या भिंतीला, असं असेल तर पन्हळीला दोष देऊ नका, खिडकीची चौकट आणि गिलाव्याच्या भेगा बघा. आणि मे महिन्यातही डाग ओलसर लागत असेल तर पावसाचा काही संबंध नाही, ती टाकीची किंवा बाथरूमची लाइन आहे.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, हे ओल शोधतानाही लक्षात ठेवायला हवं. डाग वरच्या मजल्यावर असेल तर त्याचं मूळ डागाच्या वरच असणार, पण अगदी सरळ वर असेलच असं नाही. पाणी पत्र्याखालच्या अँगलवरून, पाइपच्या क्लॅम्पवरून, स्लॅबच्या भेगेतून आडवं पाच-सहा फूट सहज जातं. फक्त तळमजल्यावर, जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत ओल असेल तर ती खालून भिंतीत चढलेली असू शकते. त्याबद्दल पुढे लिहिते.

सासूबाईंच्या नोंदीत दोन गोष्टी स्पष्ट होत्या: मोठ्या सरीत डाग वाढतो, आणि पाऊस उघडल्यावरही तासभर टपटप चालते. दोन्ही एकदम, म्हणजे पन्हळ भरून वाहते आणि नंतर रिकामीही होत नाही.

उघडीप मिळाली की पाणी ओतून बघा

एका रविवारी ऊन पडलं. शेडचं काम करणारे एक वयस्कर गवंडीकाका ओळखीतून आले. ते भिंतीकडे बघायलाच गेले नाहीत. म्हणाले, "ताई, आधी नळी लावा आणि एक बादली नीळ कालवून ठेवा." आम्ही पन्हळीच्या वरच्या टोकाला, पाइपपासून सगळ्यात लांब, नळी सोडली आणि शिडीवरून बघत राहिलो.

पाणी चार फूट नीट वाहिलं आणि मध्येच थांबलं. तिथे पन्हळीला पोट आलं होतं. ते पोट भरत गेलं आणि पाणी पन्हळीच्या पुढच्या कडेवरून न सांडता मागच्या कडेवरून, भिंतीकडे सांडायला लागलं. काकांनी निळीची बादली ओतली. निळा ओघळ पन्हळीच्या पाठीमागून निघाला, ब्रॅकेटच्या अँगलवर आला, अँगल जिथे भिंतीत ठोकला होता त्या भोकापाशी पोचला आणि आत गेला. बाहेर एक थेंबही पडला नाही. संध्याकाळी बेडरूमच्या कोपऱ्यात, पेन्सिलीच्या रेघेच्या आत, फिकट निळा पट्टा उमटला. तीन वर्षांचं कोडं एका बादलीत सुटलं.

पन्हळीची भिंतीकडची कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच हवी, निदान अर्धा-पाऊण इंच. पन्हळ कधी ना कधी भरणार, ती भरली की पाणी अंगणात पडलं पाहिजे, घरात नाही. आमच्या पन्हळीचे ब्रॅकेट चार-चार फुटांवर होते, म्हणून ती मध्ये वाकली आणि वाकताना भिंतीकडे कलली. हिशेब करून बघा: सहा इंच रुंद आणि चार इंच खोल पन्हळ काठोकाठ भरली की एका मीटरला साधारण 15 लीटर, म्हणजे 15 किलो पाणी होतं. सहा मीटरला 90 किलो. वर ओल्या पाल्याचं वजन वेगळं. असं वजन एका पावसाळ्यात दहा वेळा पडलं की कुठलाही पत्रा वाकणार. ब्रॅकेट दोन फुटांवर एक हवा, त्याहून लांब नको.

ढाळ दिसायला अगदी कमी असतो. तीन मीटरला 15 मिमी पुरतो, सहा मीटरला 30. नुसत्या डोळ्यांनी तो कळत नाही आणि पत्र्याच्या कडेशी जुळवून तर कधीच बघू नका, कारण पत्र्याची कडही क्वचितच समपातळीत असते. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन्ही टोकांना धरायची, किंवा दोन टोकांत दोरी ताणून मधल्या प्रत्येक ब्रॅकेटपाशी अंतर मोजायचं. आम्ही जुनी पन्हळ उतरवली, ब्रॅकेट दुप्पट केले आणि तीच पन्हळ सरळ करून परत चढवली. नवी घ्यावी लागली नाही.

सांधे बंद करताना एक गोष्ट नक्की पाळा. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो सिलिकॉन जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला लावू नका, तो मुलाम्याला खातो आणि दोन वर्षांत सांध्याभोवतीच गंज धरतो. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागा. आणि ओल्या, धुळकट पत्र्यावर कुठलाच सीलंट बसत नाही. भर पावसात सांध्यावर एम-सील थापून जाणाऱ्याचं काम पुढच्या सरीपर्यंतच टिकतं. पत्रा घासून, पुसून, उन्हात वाळवून मगच लावा. खाडीच्या हवेत कापलेल्या कडा लवकर गंजतात, त्यांना त्याच वेळी झिंक प्रायमर मारून घ्या.

पाइप किती मोठा हवा

दुसरा दोष पाइपात होता. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. आमची शेड सहा बाय सात मीटर, म्हणजे 42 चौरस मीटर, आणि सगळा उतार एकाच बाजूला. ताशी 50 मिमीच्या सरी आपल्याकडे दर वर्षी येतात, ताशी 100 मिमीचीही कधीतरी येते. तशा सरीत आमच्या छपरावरून मिनिटाला 70 लीटर पाणी येतं, म्हणजे पंधरा लीटरची बादली दर तेरा सेकंदांना एक. हे सगळं पाणी तीन इंची पाइपातून खाली जावं अशी अपेक्षा होती.

राष्ट्रीय इमारत संहितेतल्या तक्त्याप्रमाणे ताशी 100 मिमी पावसाला 75 मिमीचा, म्हणजे तीन इंची, उभा पाइप जेमतेम 20 चौरस मीटर छपराचं पाणी घेतो आणि 100 मिमीचा सुमारे 43. म्हणजे आमचा पाइप लागेल त्याच्या निम्म्याहून कमी पाणी घेत होता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला, तशा दिवसासाठी घराची पन्हळ कुणी बांधत नाही. पण दर वर्षी येणारी सर तरी तिने झेलली पाहिजे. छप्पर मोठं असेल तर एकाच टोकाला मोठा पाइप लावण्यापेक्षा दोन्ही टोकांना दोन लावावेत असं माझं मत आहे. एक तुंबला तरी दुसरा चालू राहतो आणि ढाळही निम्म्या लांबीचाच द्यावा लागतो.

पाइप घेताना एसडब्ल्यूआर (सॉइल, वेस्ट, रेन, म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाचं पाणी नेणारा) पाइप घ्या, त्यावर आयएस 13592 छापलेलं असतं. त्यातला ए प्रकार पावसाच्या पाण्याला चालतो, बी हा संडास-बाथरूमच्या लाइनसाठी. जोडताना पाइपचं रुंद तोंड, म्हणजे सॉकेट, वरच्या बाजूला हवं, म्हणजे वरचा पाइप खालच्याच्या पोटात बसतो. आमच्याकडे एक तुकडा उलटा बसवला होता. त्या सांध्यातून वर्षानुवर्षं पाणी भिंतीवर उतरत होतं आणि तिथे हिरवं शेवाळ धरलं होतं. पावसाच्या पाइपलगत भिंतीवर उभा हिरवा पट्टा दिसला तर आधी हे बघा. पाइप भिंतीला चिकटवू नका, बोटभर तरी फट ठेवा. काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन घ्या, आणि जिथे वळण अटळ आहे तिथे झाकणाचा बेंड बसवा, म्हणजे पुढे तुंबल्यावर पाइप कापावा लागत नाही.

पाला, जाळी आणि कबुतरं

आमच्या मागे गुलमोहर आहे. सुरुवातीला आम्ही पूर्ण पन्हळीवर बारीक जाळी टाकली होती आणि निश्चिंत झालो होतो. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर यांची पानं म्हणजे बारीक पर्णिकांचा चुरा. तो जाळीतून खाली जातो, आणि उरलेला जाळीवर भिजून पापडासारखा थर धरतो. मग पावसाचं पाणी जाळीवरून सरळ पलीकडे जातं, आत पन्हळ कोरडी आणि बाहेर धबधबा. बदाम किंवा आंब्यासारखी मोठ्या पानांची झाडं असतील तर पूर्ण जाळी उपयोगाची आहे. बारीक पानांच्या झाडाखाली ती काढून टाका. आम्ही फक्त पाइपच्या तोंडावर घुमटासारखी उभी जाळी ठेवली. सपाट जाळीवर एक पान आडवं पडलं की तोंड बंद होतं. घुमटाच्या पायथ्याशी पाला जमला तरी वरच्या अंगाने पाणी जात राहतं.

साफ करायच्या वेळा तीन. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली, ती सगळेच करतात. दुसरी मान्सूनच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर, म्हणजे आपल्याकडे साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि माझ्या अनुभवात हीच सर्वांत महत्त्वाची. आठ महिन्यांची धूळ, वळवाच्या वाऱ्याने आलेल्या काड्या, पक्ष्यांची पिसं, सगळं पहिल्या पावसात धुऊन पन्हळीत येतं आणि पाइपच्या तोंडाशी बसतं. मेमध्ये लख्ख केलेली पन्हळ जूनअखेरीस तुंबलेली सापडते ती यामुळेच. तिसरी वेळ ऑगस्टमध्ये, एखादी चार दिवसांची उघडीप बघून.

साफ करताना पाला पाइपात ढकलू नका. हाताने किंवा खुरपणीने बादलीत भरून खाली आणा आणि मगच पाणी सोडा. कबुतराचं घरटं असेल तर नाकातोंडाला फडकं बांधा, विष्ठा आधी पाण्याने भिजवा, कोरडी खरवडू नका. सांध्यात पिंपळाचं किंवा वडाचं दोन पानांचं रोप दिसलं तर त्याच दिवशी मुळासकट ओढा. आज ते चिमटीत निघतं, पुढच्या वर्षी त्यासाठी भिंत फोडावी लागते. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो, म्हणून पोट आलेली पन्हळ हा नुसता ओलीचा प्रश्न राहत नाही.

शिडीवर चढताना खाली माणूस हवाच. जुन्या सिमेंटच्या किंवा फायबरच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो न सांगता तुटतो. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यावर कोरडा तारेचा ब्रश चालवू नका. पाऊस चालू असताना वर जायचंच नाही, जे बघायचं ते खिडकीतून बघा.

पाइपचा पाय

पाइप खाली जिथे संपतो ती जागा कुणी बघतच नाही. पाणी जोत्यालगत पडत असेल तर तळमजल्याच्या भिंतीत ओल चढते. नवी मुंबईत बरीच जमीन भरणीची आहे. पाणी मुरून अंगणातल्या लाद्या खचतात, त्यांचा ढाळ घराकडे होतो आणि मग प्रत्येक सर जोत्यालाच येऊन लागते. लाद्यांवर तांब्याभर पाणी ओता. ते घराकडे आलं तर लाद्या उचलून ढाळ दुरुस्त करा, भिंतीला रसायन मारून हे थांबत नाही.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. पाइप ठीक, पन्हळ ठीक, तरी काही दिवशी पाणी वर तुंबतं. त्या दिवसाची भरतीची वेळ बघा. नवी मुंबईतले खाडीकाठचे नोड, म्हणजे वसाहती, सखल आहेत. पावसाचं पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीला खाडीत सोडतात आणि भरतीत झडपा बंद असतात. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी मोठा पाऊस असला की रस्त्याची पर्जन्यवाहिनी भरते, आणि पाइप थेट चेंबरमध्ये जोडलेला असेल तर पाणी त्यातच उभं राहतं. म्हणून आम्ही पाइपचा पाय चेंबरच्या वर वीतभर उघडा ठेवला आहे. चेंबर भरला तर पाणी रस्त्यावर जातं. पावसाचा पाइप संडासाच्या चेंबरला तर कधीही जोडू नका. पहिल्याच मोठ्या पावसात तळमजल्याच्या बाथरूममध्ये मैला वर येतो, आणि तो फक्त तुमच्याच घरात नाही, शेजारच्यांच्याही.

आमचं काम जुलैअखेरीस झालं. त्यानंतर ऑगस्टमध्ये तीन दिवस सलग कोसळला, सासूबाई त्याच खोलीत झोपल्या होत्या, टपटप नाही. रंगारी लगेच भिंत करायला तयार होता, पण त्याला थांबवलं. वीट आणि गिलावा वाळायला महिने लागतात, ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की खार पुन्हा फुटतो आणि दुरुस्ती फसली असं वाटतं. फुगलेली पुट्टी तेवढी खरवडून, खार कोरड्या ब्रशने झाडून भिंत उघडी ठेवली आहे. 12 जुलैची पेन्सिलीची रेघ अजून तिथे आहे, डाग तिच्या आत आटत चालला आहे. रंग जानेवारीत.